मिसफायर, मोटार इंजिनातील

इंजिनाच्या एखाद्या सिलिंडरात हवा आणि इंधन यांचे मिश्रण पेटलेच नाही, किंवा अर्धवट जळले, तर त्या बिघाडाला मिसफायर म्हणतात. गॅरेजमध्ये ‘गाडी मिसिंग मारते’ अशी त्याची तक्रार येते. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना) गाडी थरथरते, चढावर पिकअप मिळत नाही, सायलेन्सरच्या आवाजाचा ठेका चुकतो. तीन सिलिंडरच्या छोट्या गाडीत एक सिलिंडर बंद पडला की दोष लगेच कळतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात तो बरेच दिवस लपून राहू शकतो. ही नोंद पेट्रोल व सीएनजी इंजिनांपुरती आहे.

आजच्या गाडीत मिसफायर आधी संगणकाला कळतो, तोही क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनच्या धक्क्यांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, फिरण्यावरून. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांनी फिरत असेल, तर त्या मिनिटात क्रँकशाफ्टला १,६०० धक्के मिळतात. एखादा धक्का चुकला की शाफ्ट क्षणभर मंदावतो आणि सेन्सर ते टिपतो. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून अशी देखरेख सक्तीची झाली. भारतात ओबीडी-२ ची, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष टिपण्याच्या अशा यंत्रणेची, अट एप्रिल २०१३ पासून आली. स्कॅनर लावल्यावर पी०३०१, पी०३०२ असे कोड दिसतात; शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० म्हणजे मिसफायर कोणा एका सिलिंडरशी बांधलेला नाही. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. तो लुकलुकत असेल तर मात्र चालवू नये: न जळलेले पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळते. ही दुरुस्ती मूळ दोषापेक्षा कितीतरी महाग पडते.

कोड सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. कारणे मुख्यतः तीन घरांतली: ठिणगी, इंधन-हवा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरात मिश्रण दाबले जाणे). प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी), इंजेक्टर (इंधन फवारणारा) एकामागून एक नवे टाकत जाणे सर्रास चालते, पण त्याला निदान म्हणता येत नाही. त्यापेक्षा अदलाबदल स्वस्त आणि खात्रीची. समजा पी०३०२ आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावावी, कोड पुसावा, गाडी फिरवावी. आता पी०३०३ आला तर कॉइल दोषी. पी०३०२ कायम राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करावी.

प्लग काढला की तो नीट बघावा. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जाते किंवा ठिणगी कमजोर आहे. टोक तेलकट ओले असेल तर पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून ऑइल येते. पांढऱ्या पोर्सेलीनवर केसाएवढी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी टोकाशी न पडता बाहेरून इंजिनाच्या धातूकडे पळते. अशा वेळी कॉइलचे रबरी बूटही बदलावे, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ उमटते. प्लगच्या खोबणीत ऑइल साचलेले असेल तर टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेले आहे.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत एक सोपी कसोटी हाताशी असते. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. म्हणून पेट्रोलवर सुरळीत आणि गॅसवर चढाला मिसिंग असेल, तर आधी प्लग-कॉइलकडे आणि मग गॅसच्या रेग्युलेटर व इंजेक्टरकडे बघावे. दोन्ही इंधनांवर एकच सिलिंडर चुकत असेल तर टॅपेटची फटही (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली मोकळी जागा) तपासावी. गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजते, फट कमी होत जाते आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

हवेची गळती आयडलिंगला जास्त त्रास देते. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (संगणक इंधन किती वाढवतो किंवा घटवतो तो आकडा) आयडलिंगला बराच अधिक आणि २,५०० फेऱ्यांवर शून्याजवळ आला, तर इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट आणि व्हॅक्यूमच्या नळ्या तपासाव्यात. इथे एक चकवा आहे. मिसफायर झालेल्या सिलिंडरातून न वापरलेला ऑक्सिजन बाहेर पडतो, त्यामुळे ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल कमी असल्याचे सांगतो. बिचारा सेन्सर खरेच बोलत असतो आणि तोच बदलला जातो.

ठिणगी आणि इंधन ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजतात. सगळे प्लग काढून, इंधन व इग्निशन बंद ठेवून, थ्रॉटल पूर्ण उघडून स्टार्टर मारायचा. चांगल्या पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १४ बार दाब येतो, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. कमी दाबाच्या सिलिंडरात चमचाभर ऑइल टाकून दाब वाढला तर रिंग झिजल्या आहेत. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारचे दोन सिलिंडर एकदम उतरले असतील तर संशय थेट हेड गॅस्केटवर जातो. फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला मिसिंग, थोडा पांढरा धूर आणि मग सगळे सुरळीत, असे असेल तर रात्रभरात कूलंट सिलिंडरात झिरपत असण्याची शक्यता असते. असे इंजिन गरम करून तपासले तर दोष सापडत नाही. कूलिंग सिस्टिमला दाब देऊन गाडी रात्रभर ठेवावी आणि सकाळी स्टार्ट करण्याआधी प्लग काढून बघावेत.