डोक्याला मुका मार लागल्यास घरच्यांनी काय पाहावे : आमच्या हेल्मेट ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गेल्या पावसाळ्यात आमच्या लातूरच्या दुकानात एक तरुण ग्राहक हेल्मेटची फुटलेली काच बदलून घेण्यासाठी आले होते. औसा रस्त्यावर गाडी घसरली, पण कुठे खरचटलेसुद्धा नाही, असे ते म्हणाले. काचेची किंमत त्यांनी विचारली, आम्ही सांगितली. आणि पुढच्या दहा मिनिटांत तोच प्रश्न त्यांनी आणखी दोनदा, जणू पहिल्यांदाच विचारत आहोत अशा रीतीने विचारला. हेल्मेटच्या आतील थर्माकोल कानशिलाच्या बाजूला दबून चिरलेला होता. आम्ही काच बसवली नाही. त्यांच्या भावाला बोलावून घेतले आणि दोघांना दवाखान्यात पाठवले. तेव्हापासून हे पत्रक आम्ही प्रत्येक हेल्मेटसोबत देतो.

डॉक्टर ज्याला ‘कन्कशन’ म्हणतात, तो मेंदूला बसलेला हादरा असतो. कवटी शाबूत राहते, परंतु झटक्यासरशी आतला मेंदू हलतो आणि त्याचे कामकाज काही काळ विस्कळीत होते. बिघाड कामकाजातला असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये तो सहसा दिसत नाही. स्कॅन काढतात तो मुख्यतः आत रक्तस्राव किंवा हाड मोडलेले नाही ना, हे पाहण्यासाठी. ‘रक्त आले नाही, शुद्ध गेली नाही, म्हणजे काही लागले नाही’ हा आपल्याकडचा समज म्हणूनच धोक्याचा आहे, कारण कन्कशन झालेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही.

डोके दुखणे किंवा जड वाटणे, गरगरणे, मळमळ, अंधुक दिसणे, उजेड आणि आवाज सहन न होणे ही लक्षणे रुग्ण स्वतः सांगू शकतो. मात्र तेच ते विचारणे, उत्तर द्यायला वेळ लागणे, पडण्याच्या आधीचे किंवा नंतरचे न आठवणे, विनाकारण चिडणे, चालताना तोल जाणे हे त्याच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. ते घरच्यांनाच टिपावे लागते. काही लक्षणे काही तासांनी, क्वचित एक-दोन दिवसांनीही उमटतात, त्यामुळे पहिले दोन दिवस रुग्णाला एकटे सोडू नये. माळवदावरून पडलेले लहान मूल काही सांगू शकत नाही. ते सतत रडत असेल, दूध किंवा जेवण नाकारत असेल, तर दवाखाना गाठावा. वयस्कर माणसे आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना किरकोळ वाटणारा मार लागला तरी डॉक्टरांना दाखवावे.

डोकेदुखी वाढतच जाणे, वारंवार उलटी, झटके, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, नाकाकानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, हलवूनही जाग न येणे, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट न पाहता १०८ वर फोन करावा. मान दुखत असेल तर रुग्णाला उचलू नये. तोंडात पाणी ओतणे, नाकाला कांदा लावणे यात वेळ घालवू नये.

डॉक्टरांनी तपासून घरी पाठवल्यावर रुग्णाला झोपू द्यायला हरकत नाही. मध्ये उठवून पाहायचे का, हे त्यांनाच विचारावे. दुकानातून आणलेली डोकेदुखीची गोळी मनाने देऊ नये, कारण ॲस्पिरिनसारख्या औषधाने रक्तस्राव वाढू शकतो. पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी आणि दारू पूर्ण बंद. नंतर कामाला हळूहळू सुरुवात. गाडी, ट्रॅक्टर किंवा मैदानातला खेळ डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको, कारण पहिला हादरा ओसरण्याआधी दुसरा बसला तर तो, विशेषतः मुलांमध्ये, जिवावर बेतू शकतो. क्रिकेटमध्येसुद्धा २०१९ पासून असा मार लागलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू घेता येतो.

आयएसआय चिन्हाचे, पट्टा आवळलेले हेल्मेट कवटी वाचवते, पण मेंदूला बसणारा हादरा ते पूर्ण थांबवू शकत नाही, हे विक्रेते म्हणून आम्ही स्पष्टपणे सांगतो. एकदा जोराने आपटलेल्या हेल्मेटचा थर्माकोल पुन्हा तसा मार झेलत नाही. असे हेल्मेट आमच्याकडे आणावे. आतील अस्तर काढून आम्ही ते विनामूल्य तपासून देतो, परंतु त्याला नवी काच बसवून देत नाही.