क्लच पेडलचा हट्ट आणि ‘मॅन्युअल’ शब्दाचा घोळ : पार्श्वभूमी

स्पोर्ट्स कारला तीन पेडल (तिसरं क्लचचं) हवीतच, हा आग्रह वाटतो तितका जुना नाही. विसाव्या शतकात वेगाच्या गाड्या बहुतेक मॅन्युअलच असायच्या, त्यामुळे भांडायचं कशावरून? अपवाद अमेरिकेतला. शेवरलेची स्पोर्ट्स कार, १९५३ ची पहिली कॉर्व्हेट, फक्त दोन गिअरच्या ऑटोमॅटिकवर विकली गेली, मॅन्युअल आला तो १९५५ मध्ये. कॅडिलॅकने १९२८ मध्ये सिंक्रोमेश (गिअर जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणारी रचना) आणेपर्यंत तर गिअर बदलायला डबल क्लच मारावाच लागे, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबावा लागे. आपल्या घाटांतले जुने ट्रकवाले ते त्यानंतरही कित्येक वर्षं मारत होते.

वादाची ठिणगी पडली १९८९ मध्ये. फेरारीची फॉर्म्युला वन गाडी स्टिअरिंगमागच्या पॅडलवर (बोटांनी ओढायच्या पट्ट्यांवर) गिअर बदलत ब्राझीलची पहिलीच शर्यत जिंकली. १९९७ मध्ये तीच कल्पना एफ३५५ मधून रस्त्यावर उतरली आणि २००३ मध्ये फोक्सवॅगनने डबल क्लच गिअरबॉक्स (दोन क्लच असलेला, स्वतःच गिअर बदलणारा) गोल्फमध्ये बसवला. पुढे २०१३ मध्ये पोर्शने ९११ जीटी३ मधून मॅन्युअल काढूनच टाकला. कारण साधं होतं, ट्रॅकवर पीडीके, म्हणजे पोर्शचा डबल क्लच गिअरबॉक्स, जास्त वेगवान. शौकीन भडकले. २०१६ मध्ये निघालेली ९११ आर ही फक्त मॅन्युअल होती, फक्त ९९१ गाड्या. आणि २०१७ मध्ये जीटी३ लाही तिसरं पेडल परत मिळालं. घड्याळ हरलं, असं तेव्हापासून इथे कोल्हापुरातही अभिमानाने सांगितलं जातं. सांगणाऱ्यांतल्या बहुतेकांनी ही गाडी पाहिली ती पडद्यावरच.

कोल्हापुरात हा वाद वेगळ्या वाटेने आला. आपल्याकडे मॅन्युअल ही आवड नव्हती, तीच गाडी होती. ऑटोमॅटिक म्हणजे पैसेवाल्यांची चैन. २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटी घेऊन आली आणि ते गणित उलटलं. एएमटी स्वस्त पडतो, कारण आतला डबा (गिअरबॉक्स) मॅन्युअलचाच; क्लच दाबणं आणि गिअर टाकणं तेवढं यंत्र करतं. मग त्याला ऑटोमॅटिक म्हणायचं कसं? गोकुळ शिरगाव, शिरोलीच्या फाउंड्रीत किंवा मशीन शॉपमध्ये ज्यांचे हात काळे झालेत, ते डबा उघडून बोलतात : शाफ्ट तेच, दात तेच, सिंक्रो तोच, म्हणजे ती मॅन्युअलच. याच हिशेबाने डबल क्लचवाला गिअरबॉक्ससुद्धा एका डब्यात कोंबलेले दोन मॅन्युअल ठरतो, आणि ते काही खोटं नाही. दुसऱ्या गटाला डब्याशी देणंघेणं नाही. डावा पाय रिकामा असला की गाडी ऑटो, विषय संपला.

तो संपला नाही, कारण २०२० मध्ये ह्युंदाईने व्हेन्यूमध्ये आयएमटी दिला. गिअरची दांडी हातात, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत सगळे गिअर आपणच टाकायचे, पण क्लचचं पेडलच नाही. दांडीला हात लागला की सेन्सरला कळतं आणि क्लच आपोआप दाबला जातो. आता हिला काय म्हणायचं? आयएमटी म्हणजे इंटेलिजंट मॅन्युअल ट्रान्समिशन, कंपनीने नावातच ‘मॅन्युअल’ घातलं. गिअर मी निवडतो म्हणजे मॅन्युअल, हे एक मत. क्लच कुठे पकडायचा, हाफ क्लचवर गाडी किती धरायची, हे माझ्या हातात (खरं तर पायात) नाही म्हणजे नव्हे, हे दुसरं. आमचा कल दुसऱ्याकडे आहे. नुसती दांडी हलवणं म्हणजे गिअर टाकणं नव्हे. २०२१ मध्ये आय२० एन लाइन या जोशिल्या गाडीतही आयएमटीच आला तेव्हा कुरकूर वाढली. २०२३ मध्ये त्याच गाडीला सरळ सहा गिअरचा मॅन्युअल मिळाला.

या सगळ्यात घाटाचा दाखला हमखास येतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर इंजिनानेच गाडी रोखायची, ते ऑटोवाल्यांना काय जमणार, असं. मुद्दा ऐकायला जोरदार, पण कच्चा आहे. एएमटीलाही मॅन्युअल मोड असतो आणि तो दुसरा गिअर धरून ठेवतो. चढणीला गिअर बदलताना बसणारा तो हिसका मात्र खरा, आणि इथल्या अनेकांचं ‘ऑटोमॅटिक’विषयीचं मत त्या एका हिसक्यावरच बनलंय. चांगला टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा खरा ऑटोमॅटिक) चालवून पाहिलेला माणूस या भांडणात क्वचितच भेटतो.

२०२३ मध्येच बीएमडब्ल्यूने एम२ भारतात आणली, आठ गिअरच्या ऑटोमॅटिकबरोबर सहा गिअरच्या मॅन्युअलचाही पर्याय देऊन. आणि त्याच वर्षी ह्युंदाईची आयोनिक ५ एन ही विजेवरची गाडी जगापुढे आली. तिच्यात बदलायला गिअरच नाहीत, तरी सॉफ्टवेअर आठ गिअरचं सोंग आणतं, आवाज करतं आणि दर गिअरला हिसकाही देतं. एएमटीचा जो हिसका शिव्या खातो, तोच इथे मुद्दाम बसवलाय. डबा उघडून बोलणाऱ्यांना या गाडीत उघडायला डबाच नाही, त्यामुळे तिला काय म्हणायचं यावर अजून कुणाचं एकमत नाही.