पऱ्हाटी का कुजत नाही? सेल्युलोज खाणाऱ्या जिवाणूंच्या शोधाची पार्श्वभूमी

शेवटची वेचणी झाली की मराठवाड्यात बांधाबांधावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग लागतात. थोडी चुलीत जाते, बाकीची पेटवली जाते. दरम्यान ‘कुजवणारे जिवाणू’ असं लिहिलेली पाकिटं आणि बाटल्या गावोगाव पोहोचल्या आहेत. त्या शिंपडूनही ढीग तसाच राहिला की दोष जिवाणूंना दिला जातो. हे जिवाणू सापडले कसे, हे पाहिलं तर अडचण कुठे आहे ते कळतं.

एकाच झाडाची दोन टोकं पाहा. सरकीवरचा कापूस ९० टक्क्यांहून अधिक सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीचा तंतुमय पदार्थ, आहे आणि ओल्या मातीत तो काही आठवड्यांत सडतो. पऱ्हाटीतही सेल्युलोज भरपूर आहे, पण तिचा साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ, असतो. हे लिग्निन सेल्युलोजच्या तंतूंना लाकडासारखं लिंपून ठेवतं. पुढचा सगळा इतिहास या फरकाभोवती फिरतो.

१८३८ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ अन्सेल्म पेयाँ यांनी वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतला सेल्युलोज हा पदार्थ वेगळा केला. तो कुजवतं कोण, याचं उत्तर चिखलात सापडलं. जर्मन शास्त्रज्ञ होप्पे-सायलर यांनी १८८० च्या दशकात नदीचा गाळ आणि गाळणकागद बंद काचपात्रात ठेवला. कागद विरत गेला आणि मिथेन निघाला. १८९५ पासून रशियन शास्त्रज्ञ ओमेलियान्स्की यांनी कागद, खडू आणि थोडे क्षार एवढ्यावरच असे जिवाणू वाढवले. त्यांची संवर्धनं पूर्ण शुद्ध नव्हती हे पुढे लक्षात आलं, पण कागद हेच एकमेव अन्न ठेवायचं ही त्यांची युक्ती अजून वापरात आहे. १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात हचिन्सन आणि क्लेटन यांना प्राणवायूवर जगणारा जिवाणू मिळाला. तो आज ‘सायटोफागा हचिन्सोनी’ या नावाने ओळखला जातो. तो तंतूला चिकटून त्याच्यावरून सरकत जातो आणि कागदावर पिवळे, बुळबुळीत डाग पाडतो.

शेतीसाठी महत्त्वाचं काम याच हचिन्सन यांनी रिचर्ड्स यांच्यासोबत १९२१ मध्ये केलं. काड कुजायला जिवाणू कमी पडत नाहीत, नत्र कमी पडतं, हे त्यांनी दाखवलं. १०० किलो कोरड्या काडाला ०.७ ते ०.७५ किलो नत्र लागतं. त्या हिशोबाने एक टनाला सुमारे १५ किलो युरिया येतो, किंवा तेवढंच नत्र देणारं शेण-मूत्र. लिग्निन जास्त असलेल्या पऱ्हाटीला वेळ याहून जास्त द्यावा लागतो.

आपल्याला सगळ्यात जवळचं काम इंदूरचं. १९२४ ते १९३१ या काळात शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी तिथे पऱ्हाटीवरच प्रयोग केले. त्यांची पहिली पायरी होती पऱ्हाटी शेतरस्त्यावर पसरायची, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली आणि बैलांच्या खुरांखाली ती चेंगरली जाई. चेंगरल्याने लिग्निनचं वेष्टण फुटतं, पाणी आत शिरतं आणि जिवाणूंना धरायला पृष्ठभाग मिळतो. मग ती गोठ्यात अंथरून मूत्राने भिजवायची आणि ३० फूट लांब, १४ फूट रुंद, २ ते ३ फूट खोल खड्ड्यात शेण, राख व माती यांच्यासोबत थरांत भरायची. तीन वेळा पालथी घातली की सुमारे तीन महिन्यांत खत तयार. माझ्या मते आजच्या कुठल्याही पाकिटापेक्षा ही पहिली पायरी मोलाची आहे. आज तेच काम श्रेडर (काड्यांची कुटी करणारं यंत्र) करतो, आणि बोंडात दडलेल्या गुलाबी बोंडअळीचाही त्यात बऱ्यापैकी बंदोबस्त होतो.

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू सडू लागले. त्याचं कारण शोधताना सेल्युलोज तोडणाऱ्या ‘ट्रायकोडर्मा’ बुरशीचा प्रसिद्ध वाण हाती आला. १९५० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ एल्विन रीस यांनी बजावलं की विरघळणारं, रासायनिक बदल केलेलं सेल्युलोज पुष्कळ जीव तोडतात, मूळचा घट्ट तंतू मोजकेच. सेल्युलोज तोडणारे जिवाणू लाल रंगाने ओळखण्याची १९८२ पासूनची काँगो रेड चाचणी नेमकी इथेच फसवते. विरघळणारं सीएमसी (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज) घातलेल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, ०.१ टक्का रंग १५ मिनिटं ठेवून, लिटरला ५८.५ ग्रॅम मिठाच्या पाण्याने धुतलं की जिवाणूभोवती फिकट वलय दिसतं. वलय मोठं म्हणून जिवाणू पऱ्हाटीवर चालेल असं नाही. त्याच्यासोबत गाळणकागदाची पट्टी आणि खऱ्या पऱ्हाटीची कुटी, दोन्ही लावून पाहावीत.

कोकणातल्या कांदळवनाच्या गाळाकडे संशोधक वळले ते मिठामुळे. पानं आणि लाकूड सतत पडतं, भरतीचं खारं पाणी येतं, वरच्या काही मिलिमीटरखाली प्राणवायू संपतो. तिथल्या जिवाणूंची विकरं (एन्झाइम) खारटपणात टिकतात. आपल्या आठही जिल्ह्यांत समुद्र नाही, तरी जायकवाडीच्या लाभक्षेत्रात खारवट जमिनी आहेत, म्हणून हा विषय इथेही ओढ लावतो. पण खरे सागरी जिवाणू सोडियमवर अवलंबून असतात, गोड्या पाण्याच्या खड्ड्यात ते मागे पडतात. शिवाय प्राणवायूविना लिग्निन फारसं तुटत नाही. ते तोडायला हवेत वाढणाऱ्या बुरशी लागतात. गाळातला जिवाणू पऱ्हाटीचं कुलूप उघडत नाही, उघडल्यावर आतलं खातो.

उन्हाळ्यात अडतं ते पाण्यावर. एक टन कोरडी कुटी ५५ टक्के ओलाव्यावर आणायला सुमारे १,२०० लिटर पाणी लागतं, आणि वरून शिंपडलेलं बरंच वाहून जातं. म्हणून कुटी जानेवारीतच करून आडोशाला ठेवावी आणि खड्डा मृगाच्या पावसावर भरावा. पाऊस लागून राहिला तर खड्ड्यात पाणी साचतं, तेव्हा जमिनीवर ढीग बरा. ट्रायकोडर्मा पहिल्या दिवशी घालू नये. चांगला भरलेला ढीग पहिल्या आठवड्यातच ६० अंशांपर्यंत तापतो आणि त्यात ती मरते. दुसऱ्यांदा पालथं घातल्यावर, हात आत घालून कोमट लागेल तेव्हा ती मिसळावी.