किनारी शोध-बचाव सरावातील स्वयंसेवी रेडिओ संपर्क

समुद्रात किंवा कड्याकपारीत हरवलेल्या माणसाला शोधण्याची तालीम किनाऱ्यावर घेतली जाते, तेव्हा परवानाधारक हौशी रेडिओचालक (हॅम) मोबदला न घेता जी संपर्कव्यवस्था उभी करतात, तिची ही नोंद. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगली रुजली आहे. तेथील ‘रेनेट’ ही हॅम स्वयंसेवकांची संघटना तटरक्षक सेवेला आणि इतर आपत्कालीन सेवांना मदत करते.

रेनेटचा जन्म महापुरातून झाला. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्र खवळून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर आणि नेदरलँड्समध्ये घुसला. इंग्लंडमध्ये ३०७ आणि नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसे दगावली. टेलिफोनच्या तारा तुटल्यावर डच हॅम आपले संच घेऊन पूरग्रस्त भागात शिरले आणि दहा दिवस-रात्र त्यांनी बाहेरच्या जगाशी संपर्क टिकवून धरला. हे सामर्थ्य आयत्या वेळी गोळा करत बसण्यापेक्षा आधीच संघटित असावे, म्हणून त्याच वर्षी ब्रिटनमध्ये रेनेट स्थापन झाली. पोलीस, अग्निशमन, तटरक्षक, रेडक्रॉस यांसारख्या सेवांसाठी निरोप पोहोचवण्याची मुभा ब्रिटिश हॅमला परवान्यातच मिळते. ही मुभा सरावालाही लागू आहे. ही तरतूद फार मोलाची वाटते, कारण ज्याला एरवी बोलायची परवानगीच नाही, तो संकटाच्या दिवशी नीट बोलेल अशी अपेक्षा धरता येत नाही.

हॅम तटरक्षकांची जागा घेत नाहीत. जहाजांचा संकटसंदेश व्हीएचएफ या रेडिओ-पट्ट्यातील चॅनल १६ वर, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवर येतो, आणि सागरी चॅनल हॅमच्या परवान्यात बसत नाहीत. हॅम प्रामुख्याने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. त्यामुळे नियंत्रण कक्षात तटरक्षक अधिकाऱ्याशेजारी एक हॅम बसतो आणि दोन जाळ्यांमधला दुवा होतो. कोणत्या तुकडीने किनाऱ्याचा कोणता टप्पा पालथा घातला, स्ट्रेचर कुठे हवे, बदली माणसे किती वाजता पोहोचतील, ही सगळी बोलणी हॅमच्या जाळ्यावर जातात. लाइफबोट आणि हेलिकॉप्टर यांच्यासाठी सागरी चॅनल मोकळा राहतो. या स्वयंसेवकांचे खरे योगदान हेच आहे.

कॉर्नवॉल किंवा वेल्ससारख्या उभ्या कड्यांच्या किनाऱ्यावर सर्वात मोठी अडचण भूगोलाची असते. व्हीएचएफ लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की तिचे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही टोकांची क्षितिजे मिळवली की पल्ला ठरतो. दोन मीटर उंचीवर संच धरलेली दोन माणसे मोकळ्या पुळणीवर कागदोपत्री साडेअकरा किलोमीटरपर्यंत बोलू शकतात, पण मध्ये खडकाचा एक सुळका आला की दोनशे पावलांवरचा आवाजही तुटतो. कड्याच्या पायथ्याशी उतरलेली तुकडी वरच्या माणसाला ऐकूच येत नाही. यावर उपाय म्हणजे समोरच्या भूशिरावर एखादा हॅम उभा करणे. तो दोन्हीकडचे ऐकतो आणि निरोप शब्दशः पुढे देतो. कधी दोन पट्ट्यांचा संच ठेवून हेच काम आपोआप करवून घेतात. लहरी न पोहोचणाऱ्या अशा सावल्या नकाशावर आधी आखता येतात, तरी प्रत्यक्ष जाऊन तपासण्याला पर्याय नाही, आणि ती संधी सरावातच मिळते.

सरावात ‘बेपत्ता’ माणूस म्हणजे बहुधा पाण्यात सोडलेला पुतळा किंवा खडकात लपवलेला स्वयंसेवक. त्याचे शेवटचे ज्ञात ठिकाण, वारा आणि भरती-ओहोटी यांवरून शोधक्षेत्र ठरते. जाळ्यावर एकच नियंत्रक स्थानक असते. त्याने बोलावल्याशिवाय कोणी बोलत नाही, आकडे सुटेसुटे उच्चारले जातात आणि ऐकणारा ते परत म्हणून दाखवतो. निरोपाआधी ‘एक्सरसाइज’ म्हणतात, म्हणजे बाहेरून ऐकणारा घाबरत नाही. सराव चालू असताना कोणी खरोखरच पडले, तर ‘नो डफ’ हे शब्द उच्चारायचे, की सगळे थांबते आणि खरी मदत निघते. प्रत्येक स्थानकाची नोंदवही वेळेसह भरली जाते. नंतर त्या वह्या शेजारी ठेवून पाहिल्या की कोणता निरोप कुठे अडला वा बदलला, हे उघड होते. ही तपासणी कंटाळवाणी असली, तरी निम्मे शिकणे तिथेच होते.

भारतात सागरी शोध-बचावाची जबाबदारी तटरक्षक दलाकडे आहे. मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअर (आता श्री विजयपुरम) येथे त्याची समन्वय केंद्रे आहेत आणि मदतीसाठी १५५४ हा क्रमांक आहे. हॅमची उपयुक्तता इथे २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दिसली. हॅम भारती प्रसाद तेव्हा हौशी रेडिओ-मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. इतर मार्ग बंद पडल्यावर त्यांच्या संचावरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीकडे गेले.

महाराष्ट्रात ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा रायगड-रत्नागिरीतील अनेक गावांचे मोबाइल आणि वीज दोन्ही गेले. कोकणात सागर सुरक्षा दलाचे स्वयंसेवक आहेत. हॅमनाही या कामात जोडून घेतले, तर बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांच्या मुखांशी आधी सड्यांचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उंच कातळ-पठारांचा, विचार करावा लागेल. शंभर मीटर उंचीच्या सड्यावरची अँटेना होडीत उभ्या असलेल्या माणसाचा हातसंच सुमारे ४७ किलोमीटरवरून ऐकू शकते, पण त्याच सड्याच्या पायथ्याशी खडपात अडकलेला माणूस तिच्या सावलीत राहतो. त्याच्यासाठी खाडीच्या पलीकडच्या काठावर दुसरा हॅम हवा.