इंजिनाची फुंकणी

ठाण्यात वाढणाऱ्या मुलांच्या दृष्टीने रेल्वे म्हणजे लोकल, आणि लोकलचा आवाज म्हणजे सुटताना चढत जाणारी एकसलग घरघर. म्हणूनच दिवाळीच्या सुटीत नौपाड्यातून दार्जिलिंगला जाऊन आम्ही जेव्हा घूमपर्यंत नेऊन परत आणणाऱ्या वाफेच्या गाडीत बसलो, तेव्हा आमच्या दहा वर्षांच्या मुलीला त्या तुटक ‘भस्स, भस्स’चे फार नवल वाटले. गाडी बाजारातल्या दुकानांना जवळजवळ घासत निघाली आणि तिने विचारले, "धुराड्यातून एवढी वाफ चालली आहे, ती सगळी वायाच जाते ना?" प्रश्न साधा होता, उत्तर मात्र ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही.

आधी ‘हो’चा हिशेब पाहू. तीस अंशांचे एक लीटर पाणी उकळीपर्यंत तापवायला सुमारे 70 किलोकॅलरी उष्णता पुरते, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540 किलोकॅलरी मोजाव्या लागतात. इंजिनाचा दट्ट्या ढकलून झाल्यावर वाफेचा दाब उतरतो, तरी ती वाफच राहते आणि या 540पैकी बहुतेक उष्णता बरोबर घेऊन आकाशात निघून जाते. औष्णिक वीजकेंद्रात वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करतात. त्यामुळे टर्बाइनच्या मागे जवळजवळ निर्वात पोकळी तयार होते आणि वाफेकडून शेवटपर्यंत काम काढून घेता येते. रुळांवर धावणाऱ्या इंजिनात एवढा पसारा मावत नाही. परिणामी शंभर रुपयांच्या कोळशातले जेमतेम सहा ते आठ रुपये गाडी ओढण्याच्या कामी येतात. उधळपट्टीच म्हणायची.

आता ‘नाही’. ते समजायला आमच्या सासूबाईंची मदत झाली. त्यांचे बालपण बार्शीत गेले. तिथली छोट्या रुळांची गाडी आणि परसातला तांब्याचा बंब हे दोन्ही त्यांच्या नेहमीच्या ओळखीचे. इंजिनाकडे पाहून त्या म्हणाल्या, "हा तर आडवा केलेला बंबच आहे." तुलना नेमकी होती. बंबात मधोमध एक नळी असते, तिच्यातून जाळ वर चढतो आणि भोवतालचे पाणी तापते. इंजिनाच्या बॉयलरमध्ये अशा नळ्या अनेक असतात. जॉर्ज आणि रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या 1829च्या ‘रॉकेट’ इंजिनात त्या 25 होत्या. नळ्या जितक्या जास्त, तितकी जाळाची पाण्याशी अधिक गाठ पडते, हा त्यामागचा विचार.

पण अरुंद आणि लांब नळ्यांतून जाळ आपणहून वाहत नाही. बंबाचे धुराडे उभे असते, गरम हवा वर चढते आणि तेवढ्यावर काम भागते. इंजिनाच्या नळ्या आडव्या आणि त्यांचे धुराडे आखूड. तिथे वाया जाणारी वाफ कामाला येते. ती सिलिंडरमधून सुटली की एका निमुळत्या तोटीतून धुराड्याच्या खालून वर जोराने फेकली जाते. जाताना ती आसपासचा धूर ओढून नेते, त्यामुळे तिथला हवेचा दाब कमी होतो आणि ती तूट भरून काढायला दुसऱ्या टोकाची ताजी हवा भट्टीतल्या निखाऱ्यांमधून आत खेचली जाते. चुलीपुढची फुंकणी समोरून फुंकते, ही मागून ओढते, एवढाच फरक. वापरलेली वाफ धुराड्यात सोडल्याने जाळ पेटतो, हे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांच्या 1804च्या इंजिनातच दिसून आले होते.

या रचनेतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट अशी की, ही फुंकणी कोणी कमी-जास्त करावी लागत नाही. चढ लागला की ड्रायव्हर सिलिंडरमध्ये जास्त वाफ सोडतो. जास्त वाफ बाहेर पडते, ओढ वाढते, कोळसा अधिक धगधगतो आणि बॉयलरमध्ये वाफही अधिक तयार होते. जितके कष्ट, तितकाच खोल श्वास. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून 14 डब्यांत सुमारे 400 पाहुणे घेऊन ठाण्याला आलेली साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनेही याच श्वासावर चालत होती.

तो आवाज तुटक का, हेही येथेच उलगडते. सिलिंडर दोन असतात आणि प्रत्येकात वाफ दट्ट्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार वेळा वाफ बाहेर पडते. दोन्ही बाजूंचे दांडे एकमेकांपासून पाव फेरा पुढे-मागे बसवलेले असल्याने हे चार हुंकार समान अंतराने ऐकू येतात. दार्जिलिंगच्या ‘बी’ वर्गातील इंजिनांची चाके जेमतेम 66 सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे परीघ दोन मीटरांहून किंचित जास्त. तेव्हा दर हुंकाराला गाडी अर्धा मीटर सरकते. सेकंदाला तीन हुंकार मोजले की वेग ताशी सुमारे 6 किलोमीटर. मुलीने घूमपर्यंतचा बराच वेळ हाच उद्योग केला, आणि बाहेरचे डोंगर पाहायचे राहून गेले याची तिला फारशी खंत वाटली नाही.

चढावर पुढच्या बाजूला बसलेली माणसे रुळांवर वाळू टाकत होती. ओल्या पोलादावर पोलादी चाक घसरते, त्यावरचा हा जुना आणि अजूनही टिकलेला उपाय आहे. बॉयलरमध्ये दाब सुमारे दहा किलोंचा, म्हणजे घरच्या कुकरच्या दहापट. आणि कुकरच्या झाकणात असते तशीच, पाणी कमी पडले तर वितळून धोका टाळणारी मऊ धातूची डाट इंजिनातही भट्टीच्या माथ्यावर बसवलेली असते.

समुद्रसपाटीपासून 2,258 मीटर उंचीवरच्या घूम स्थानकावरून गाडी परत फिरली तेव्हा मुलीची मोजदाद एकाएकी थांबली, कारण हुंकारच थांबले होते. उतारावर गाडी स्वतःच्या वजनाने चालते, ड्रायव्हर सिलिंडरकडची वाफ बंद करतो, आणि वाफच नाही म्हटल्यावर फुंकणीही बंद पडते. अशा वेळी जाळ उलटा फिरून ड्रायव्हरच्या बाजूला येऊ नये म्हणून फायरमन धुराड्याखाली बॉयलरमधील थोडी ताजी वाफ वेगळ्या नळीने सोडतो. नीट कान दिल्यावर आम्हाला ती ऐकू आली: हुंकार नाही, नुसता बारीक, अखंड फुसकारा, थेट दार्जिलिंगच्या फलाटापर्यंत.