प्रवासवर्तन व रस्ता-सुरक्षा संशोधन

माणसे कोठून कोठे, कशासाठी व कोणत्या साधनाने जातात याचा, तसेच त्या ये-जा करण्यात होणाऱ्या अपघातांचा शास्त्रीय अभ्यास. वाहतूक नियोजन हे त्याचे उपयोजन होय. विद्यापीठांत हा विषय स्थापत्य अभियांत्रिकी, भूगोल, अर्थशास्त्र व वैद्यक या शाखांत विखुरलेला आढळतो. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे सोलापूरची आहेत.

उगम : फेऱ्यांची निर्मिती, त्यांचे वितरण, साधनाची निवड व मार्गांवरील विभागणी या, भावी वाहतुकीचा अंदाज बांधणाऱ्या, चार टप्प्यांच्या पद्धतीचा जन्म कोठे झाला याबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक १९५३च्या सुमारास सुरू झालेल्या अमेरिकेतील डिट्रॉइट शहराच्या वाहतूक पाहणीला मान देतात, तर काही १९५५ नंतरच्या शिकागो पाहणीला. दोहोंचे प्रमुख जे. डग्लस कॅरोल हेच असल्याने वाद काहीसा शब्दांचा आहे. तथापि संगणकाने मार्ग-विभागणी शिकागोत झाली, म्हणून पद्धतीला पूर्ण रूप तेथे आले हे मत अधिक ग्राह्य वाटते. वाहतूक हे जमीनवापराचे फलित आहे, हा मूळ विचार कोलंबिया विद्यापीठातील मिचेल व रॅपकिन यांनी १९५४ मध्ये मांडला होता. पुढे बर्कली येथे डॅनियल मॅकफॅडन यांनी व्यक्ती कोणते साधन निवडील याचे गणित बसवले. सॅन फ्रान्सिस्कोची बार्ट रेल्वे सुरू होण्यापूर्वी तिच्या वाट्याला १५ टक्के प्रवासी येतील असा अधिकृत अंदाज होता. मॅकफॅडन यांचा ६.३ टक्के होता व प्रत्यक्षात ६.२ टक्के आले. त्यांना २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

सोलापुरातील उपयोजन : मिचेल व रॅपकिन यांच्या विचाराचा पडताळा अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे मिळतो. तेथे विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली, पुढे रे नगर ही वसाहतही झाली. घर गावाबाहेर गेले. बाजार, दवाखाना, कॉलेज शहरातच राहिले. पाने-तंबाखू आणायची, विड्या वळायच्या आणि जुड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या, ही फेरी पायी किंवा शेअर रिक्षाने होते. २०११च्या जनगणनेत कामाच्या जागेचे अंतर व प्रवासाचे साधन विचारले गेले खरे, पण शेतकरी, शेतमजूर व घरगुती उद्योगातील कामगार वगळून. घरी विड्या वळणारी बाई घरगुती उद्योगात मोडली, की तिची फेरी कागदावर उरत नाही. अशा आकड्यांवर आखलेला रस्ता तिच्यासाठी पदपथ ठेवील अशी अपेक्षा करता येत नाही. घरोघर जाऊन, पायी फेरीही मोजणारी पाहणी हाच येथे खरा पाया ठरतो.

मिश्र वाहतूक मोजताना प्रत्येक वाहनाचे मोटारीशी प्रमाण धरतात. ग्रामीण रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या १९९०च्या निर्देशांत मोटार १, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ व मोठी बैलगाडी ८ असे गुणांक आहेत. गळीत हंगामात सोलापूर जिल्ह्यात ही दोन्ही वाहने रात्रंदिवस रस्त्यावर असतात. मात्र वाहन वाहतुकीला किती अडवते एवढेच हे गुणांक सांगतात. दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारात मागच्याला दिसेल का, हे त्यांतून कळत नाही. रिफ्लेक्टरचा प्रश्न म्हणूनच रस्त्याच्या क्षमतेच्या गणिताबाहेर राहतो.

अपघात : पुणे–हैदराबाद (६५), धुळे–विजयपूर बाजूचा ५२ आणि रत्नागिरी–कोल्हापूरकडून येणारा १६६ हे राष्ट्रीय महामार्ग सोलापूरला मिळतात, आषाढीला पंढरपूरकडे जाणाऱ्या दिंड्याही काही ठिकाणी महामार्गानेच चालतात. सुमारे ५०० मीटर लांबीच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाल्यास राष्ट्रीय महामार्गावर तो ‘ब्लॅक स्पॉट’ ठरतो. ही व्याख्या पोलिस नोंदीवर उभी आहे. धडक देऊन निघून गेलेल्या दुचाकीने जखमी झालेला पादचारी पुष्कळदा तक्रार न करता थेट दवाखाना गाठतो. त्यामुळे पोलिस ठाण्यातील व रुग्णालयातील नोंदी एकमेकींशी ताडून पाहण्याची पद्धत संशोधक वापरतात. अभियांत्रिकी व वैद्यकीय अशी दोन्ही महाविद्यालये सोलापुरात असल्याने ती येथे सहज राबवता येण्याजोगी आहे.