मधमाशी : खादीच्या खात्यातून शेतीच्या खात्यात

सूर्यफूल पिकवलेल्या जुन्या शेतकऱ्यांना एक सल्ला हमखास आठवतो: फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळायचं आणि प्रत्येक फुलावरून हलकेच फिरवायचं. 1969 च्या सुमारास तेव्हाच्या सोव्हिएत संघातून सूर्यफुलाचे वाण आपल्याकडे आले. त्यांचा एकाच झाडाचा पराग त्याच झाडाला फारसा लागू पडत नसे. परागाची ने-आण झाली नाही की फूल ताटाएवढं, पण दाणे फोल. कापडाचा हात हे मधमाशीचंच काम करत होता, तेही मजुरी देऊन!

माशीचा आणि पिकाचा हा संबंध सरकारी कागदांवर यायला मात्र बराच वेळ लागला. 1851 मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी हलत्या चौकटींची पेटी बनवली आणि पोळं न मोडता मध काढता येऊ लागला. 1928 मध्ये शाही कृषी आयोगाने मधुमक्षिकापालनाची शिफारस केली ती जोडधंदा म्हणून. महाबळेश्वरला 1946 मध्ये काम सुरू झालं, पुण्यात 1962 मध्ये केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आली. दोन्ही खादी-ग्रामोद्योगाच्या छत्राखाली. त्यामुळे हिशेब राहिला तो किलोंचा: पेटीमागे मध किती? शेजारच्या वावरात दाणे किती भरले, हे कुठल्या वहीत लिहायचं?

पेटीत गेली ती मुख्यतः सातेरी, आपली देशी मधमाशी. झाडाच्या ढोलीत, वारुळात ती एकाशेजारी एक अनेक पोळी बांधते, म्हणून चौकटींत रमते. आग्या माशी उंच झाडाला किंवा कड्याला एकच मोठं पोळं उघड्यावर टांगते, फुलोरी झुडपात छोटंसं. या दोघींना पेटी नकोच असते. परागीभवन मात्र त्याही करतात, आणि त्याचं बिल कोणी पाठवत नाही. त्यांना हवा असतो बांधावरचा जुना वृक्ष आणि पीक नसतानाही कुठे ना कुठे फुललेलं रान. सह्याद्रीत ही गरज जांभूळ, हिरडा, गेळा भागवतात, आणि काही वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी.

1991-92 नंतर दक्षिणेत थाई सॅक ब्रूड या विषाणूजन्य रोगाने सातेरीच्या असंख्य वसाहती संपवल्या. 1960 च्या दशकात उत्तरेत रुजवलेली युरोपीय मधमाशी, मेलिफेरा, मग पुढे सरकली. फुलोऱ्यामागे पेट्या ट्रकमध्ये घालून हिंडणारे मधपाळ आले. हिमाचलात सफरचंदाच्या बागांसाठी पेट्या भाड्याने जाऊ लागल्या. माझ्या मते खरा बदल इथे झाला, कारण पैसे मधाचे नव्हते, येण्याचे होते.

आपल्याकडे कांद्याचं बियाणं करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. गोंड्यातल्या फुलाचा पराग आधी गळतो, स्त्रीकेसर नंतर तयार होतो. माशी फिरकली नाही तर बी धरत नाही. काकडी, भोपळा, दोडक्यात तर नर आणि मादी फुलंच वेगळी.

2000 मध्ये राष्ट्रीय मधमाशी मंडळ स्थापन झालं, आणि 2020 मध्ये राष्ट्रीय मधुमक्षिकापालन व मध अभियान केंद्रीय कृषी मंत्रालयाकडून आलं, 500 कोटींच्या तरतुदीचं. नावात मध आहेच. पण यावेळी उद्दिष्टांत परागीभवनही लिहिलेलं होतं.